‘नको’ची पाटी

निमोणे, तालुका शिरूर.
तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं.

तीर्थस्वरूप पुतळाआक्काच्या पायांवर धाकट्या हौसरावाचं डोकं. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तिकडं तुझे गुडघे, सत्यजीतची शुगर आणि गॅलरीतली तुळस बरी असावी. पत्र बघून तू म्हणशील, याला आता काय झालं, मोबाइल मेला की काय याचा. मोबाइल जिवंत आहे. दिवाळीपासून तू तो उचलत नाहीस, एवढंच. मी फोन केला की तुझी नात घेते आणि “आजी देवळात गेलीय” म्हणते. (दौंडातल्या कुठल्या देवळात तू दिवाळीपासून बसली आहेस ते कळव, तिथंच येऊन पाया पडतो.) म्हणून जुन्या वळणानं कागद घेतला. अपेक्षा वाचून दाखवेलच. अपेक्षा बाळ, एक कर, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस. ते म्हाताऱ्या माणसाचं उगाच पुटपुटणं असतं.

आमच्या इंद्रजीतनं पोल्ट्रीच्या शेडचं हॉस्टेल केलं तेव्हा तू म्हणाली होतीस, “कोंबड्या हुत्या तवा निदान अंडी तरी मिळायची.” ते मी त्याच्या कानावर घातलं नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. आता शेडला पिवळा रंग आहे आणि आत एकावर एक पलंग आहेत, रेल्वेच्या स्लीपरसारखे. दौंडात जन्म काढलेल्या तुला ते वेगळं सांगायला नको. पुण्याहून वेरूळकडं निघालेली पाठपिशवीवाली पोरं मोर बघायला म्हणून एक रात्र उतरतात आणि महिनाभर हलत नाहीत. सध्या तिघं आहेत. अर्जेंटिनाची मार्तिना आणि जर्मनीचा योनास दसऱ्यापासून, आणि जपानचा हारुतो दिवाळीनंतर आलेला. तिघांचे देश पृथ्वीच्या तीन कोपऱ्यांत, पण स्वयंपाकघर एकच, त्यामुळं जगाचं जे काय भांडण व्हायचं ते आमच्या ओट्यापाशी होतं.

एक खुलासा आधीच करतो, कारण बातमी दौंडला पोचली असणारच. होय, मार्तिनानं माझ्या गालाचा मुका घेतला, आणि तोही फाटकात, डेअरीला दूध घालायला निघालेल्या मंडळींसमोर. त्यांच्याकडं तो रामराम असतो. मी दोन्ही हात जोडूनच उभा होतो, पण जोडलेल्या हातांना गाल कुठं झाकता येतात. तुझ्या भावजयीनं उत्तर ताटात वाढलं. त्या दिवशीच्या कालवणात मीठ नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी डेअरीतले पोपटरावआप्पा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीची टोपी घालून “हॉस्टेल कसं काय चाललंय” विचारायला आले. तोवर मार्तिना आमचं बघून लांबूनच हात जोडायला शिकली होती. आप्पांना बिचाऱ्यांना नुसता चहा पिऊन परतावं लागलं.

हीच मार्तिना कसला तरी पाला भोपळ्याच्या पेल्यात घालून वर गरम पाणी ओतते. त्यात एकच नळी. सगळ्यांनी आळीपाळीनं त्याच नळीनं प्यायचं, आणि नळी पुसायची नाही. योनासनं रुमालानं पुसली, तर ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही. म्हणाली, पुसणं म्हणजे परकं मानणं. मग पेला माझ्याकडं आला. आपण तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पिणारी माणसं, उष्ट्यावरून आईचे धपाटे खाल्लेली. पण पोरगी परदेशातून आलीय, तिला परकं वाटायला नको म्हणून मी डोळे मिटले आणि ओढलं. चव कडुनिंबाच्या काढ्याची होती. (आक्का, कडब्याच्या गंजीमागं बसून आपण एकच ऊस खायचो, एक चावा तुझा आणि एक माझा. तेव्हा उष्टं कुठं गेलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. त्या नळीपाशी तोच ऊस आठवला.)

आता मुद्द्याकडं येतो, म्हणजे पाटीकडं. दसऱ्याला तुझ्या भावजयीनं पुरणपोळ्या केल्या आणि वाढायला मी उभा राहिलो. मार्तिनाच्या घरची रीत अशी, की ताट चाटूनपुसून संपवलं तरच करणारीचा मान राहतो. आपली रीत अशी, की ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्याची अब्रू जाते. ती संपवत होती, मी वाढत होतो. ती “नो, नो” म्हणायची, आणि मी म्हणायचो, पोरगी लाजतेय. दोघंही एकमेकांचा मान राखत होतो, त्यात तिचं पोट गेलं. दोन दिवस ती पलंगावरून उठली नाही. योनासची गत वेगळी होती. तो जेवला की स्वतःचं ताट स्वतः घासायला उठतो. पाहुण्यानं आपल्या घरी ताट घासायचं म्हणजे काय. मी ताट धरलं, त्यानंही धरलं. मी माझ्याकडं ओढलं, त्यानं त्याच्याकडं, आणि मधली कटाची आमटी इंद्रजीतच्या लॅपटॉपवर गेली.

त्यानंतर इंद्रजीतनं स्वयंपाकघरात पाटी लावली: ‘नको म्हणजे नको. कोणालाही दुसऱ्यांदा विचारू नये.’ खाली इंग्रजीतही तेच. आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबा, ह्या लोकांचं येकदा न्हाई म्हंजी न्हाई आसतं. आग्रहाला ती जबरदस्ती समजत्यात. तेवढी सवय मोडा.” आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. काम अंगावर घेतलं की मी ते पुरं करतो. कुरकुंभला कंपनीत एवढी वर्षं काढली, सेफ्टीची पाटी लागली की दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याबाहेर पाऊल टाकलं नाही. तसंच इथंही केलं. चहा हवाय का? नको. बरं. चटणी वाढू? नको. बरं. पहिले काही दिवस हात आपोआप पळीकडं जायचा, मग अंगवळणी पडलं. योनास खूश होता. म्हणाला, तुम्ही आता अगदी जर्मन झालात. मीही फुगलो.

आणि त्याच फुगलेल्या अंगानं मी दिवाळीत तुला फोन केला.

मी म्हणालो, आक्का, भाऊबीजेला ये. तू म्हणालीस, “न्हाई रं येत. गुडघं लय धरल्यात. आन् मला कोण न्यायला येनार हाय?” आणि मी म्हणालो, “बरं.” म्हणालो आणि फोन ठेवला. पाटीप्रमाणं वागलो, याचं मला समाधानसुद्धा वाटलं. तुझी भावजय भिंतीपाशी चकलीचा सोऱ्या धरून उभी होती. म्हणाली, “झालं? येवढंच बोलनं झालं?” मी तिला पाटी दाखवली. तिनं सोऱ्या दाखवला.

भाऊबीजेला मी पाटावर बसलो होतो. का बसलो होतो ते मला सांगता येणार नाही, दरवर्षी बसतो म्हणून बसलो. मार्तिनाला इंद्रजीतनं सण समजावून सांगितला होता. तिनं आपली आपण ताटात निरांजन लावलं, कुंकवाचा करंडा घेतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोरीचं मन मोठं. पण मी नको म्हणालो. पाटीप्रमाणं तिनं ताट लगेच खाली ठेवलं. (आक्का, माझा तो नको खरा होता. कपाळ तुझं आहे. ते अजून कोरडंच आहे.)

बरं, तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तो पाडायला जपान यावं लागलं. हारुतो आला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून खिचडी केली. योनासनं त्याला विचारलं, घेतोस का? तो वाकून नको म्हणाला. पाटीप्रमाणं कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी-पिठलं, तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी शेडमागं हातपाय धुवायला गेलो, तर पोरगं कांदाचाळीच्या सावलीत बसून कोरडा बिस्किटाचा पुडा खात होतं. मला बघून उठलं आणि वाकलं. (वाकायच्या बाबतीत त्याचं आणि माझं जमत नाही. तो वाकला की मी वाकतो, मी वाकलो की तो पुन्हा वाकतो, शेवटी कुणीतरी हाक मारावी लागते.) इंद्रजीतला बोलावून विचारलं तेव्हा कळलं. त्याच्या आजीच्या गावी पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. विचारणाऱ्यानं पुन्हा विचारायचं असतं. लगेच हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. तो पोरगा तीन दिवस दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होता.

मी तिथंच चाळीच्या कडेला बसलो. म्हटलं, अरे हा तर आपल्या शिरूर-दौंडकडचा. आणि मग एकदम तुझा आवाज कानात आला. “मला कोण न्यायला येनार हाय.” आक्का, शिफ्ट सुटल्यावर मी कुरकुंभहून तुझ्याकडं जेवायला यायचो. मी “बास” म्हणायचो आणि हात आडवा धरायच्या आत तू भाकरी टाकायचीस. माझा एक बास तू कधी खरा मानला नाहीस, आणि तुझा पहिलाच नको मी खरा मानून बसलो. तुला येते म्हणायला एकदा आणखी विचारणं पाहिजे होतं. तेवढंच पाहिजे होतं. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय.

पाटी काढली. योनासनं विरोध केला, त्याला हारुतोनं समजावलं. (दोघं ओट्यापाशी तासभर इंग्रजीत बोलत होते. नंतर योनासनं स्वतः हारुतोच्या ताटात न विचारता भाकरी टाकली. जर्मनी हलायला वेळ लागतो, पण हलते.) तुळशीचं लग्न लागेपर्यंत भाऊबीज चालते असं आई म्हणायची. लग्न अजून लागलेलं नाही. सत्यजीतला, सूनबाईला आणि अपेक्षाला आशीर्वाद. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर लहान भाऊ म्हणून पदरात घे.

तुझा,
हौसराव

ता. क. हे पत्र तुझ्या हातात देऊन जी तीन माणसं दारात उभी आहेत ती पोस्टमन नव्हेत. ते तुझे मुराळी आहेत. माहेरवाशिणीला न्यायला घरचं माणूस जावं लागतं, मोबाइलवर बोलावून ती येत नाही, हे मी विसरलो होतो. हळदकुंकू योनासच्या हातात आहे आणि तो ते अगदी सरळ धरून उभा असेल. हारुतो चहाला नको म्हणेल, त्याला पुन्हा विचार. मार्तिनाला कितीही वाटलं तरी पुन्हा वाढू नकोस. योनास कप विसळायला निघाला तर विसळू दे.

ता. क. दुसरा. तू नाही म्हणालीस तर काय करायचं ते तिघांना शिकवून पाठवलंय. तिथंच बसायचं आणि पुन्हा विचारायचं. त्यांना मराठीत एवढंच एक वाक्य येतं, “आक्का, चला.” पण ते दमणाऱ्यातले नाहीत.

ता. क. तिसरा. अपेक्षा, कंसातलं वाचलंस ना? मला माहीत होतं. चांगलं केलंस.

ता. क. शेवटचा. कासमभाईची जीप तुमच्या कोपऱ्यावर, रसवंतीपाशी उभी आहे. मी तिच्यात मागं बसलोय. वर यायचा धीर होत नाही. बोलावणं धाडलंस तर मी आधी नको म्हणेन. पुन्हा बोलाव.