मायच्या खाटेजवळचा तक्ता

जळगाव,
ता. २ मे १९९४

ती. पुष्पाअक्कास,
निंबाचा नमस्कार. गेल्या मंगळवारी तुझं कार्ड आलं. वर्षभरातलं पहिलं. पोस्टमनच्या हातात तुझं अक्षर दिसलं आणि मी उघड्या पायांनी उन्हात धावलो.

तुझ्या सासूबाईंनी अंथरूण धरल्याचं वाचून वाईट वाटलं. धुळ्यात पत्र्याखाली धडधाकट माणूस भाजून निघतो, तिथे त्यांचं काय होत असेल! "मायच्या खोलीला लावले होतेस तसले फोमचे तक्ते आणून दे," असं तू लिहिलंस. सहा दिवस झाले, पत्र लिहायला बसतो आणि उठतो.

आधी इकडचं सांगतो. तुझी भावजय कमल बरी आहे. तू तिची खुशाली विचारली नाहीस, तरी लिहितो. कारखाना जोरात चालू आहे. चटईच्या कारखान्यांतला प्लास्टिकचा चुरा आणि वीजकेंद्राची राख फोमच्या रसायनात कालवायची ही रतिलाल शेठची युक्ती. उकिरड्यावर जायचा माल, त्याचा तक्ता होतो आणि ऊन अडवतो, आवाजही अडवतो. गिऱ्हाईक आलं की शेठ तक्त्यांची पेटी करून आत गजराचं घड्याळ ठेवतात आणि म्हणतात, "ऐका आता!" कुणाला काही ऐकू येत नाही. वांधा एकच. राख जास्त झाली की तक्ता ठिसूळ होतो. बोट दाबलं तरी खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. असला माल शेठ कामगारांना देऊन टाकतात. मायसाठी मी तोच आणला होता.

गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू आलीस तेव्हा खोली नुसती पत्र्याची होती, तुला आठवत असेल. वरून ऊन, शेजारी पिठाची गिरणी. लकवा झाल्यापासून मायला मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून तू तिला ते पितळी फुलपात्र दिलंस. ती डाव्या हाताने ते भिंतीच्या पत्र्यावर वाजवायची. ठण्ण! सगळी गल्ली म्हणायची, "जा रे, भिकुबाई बोलावतेय."

तू धुळ्याला परत गेलीस आणि मी तक्ते लावायला घेतले. छत झालं, तीन भिंती झाल्या. माय सारखी खाटेजवळच्या भिंतीकडे बोट दाखवायची. "ती ऱ्हाऊ दे रे पोऱ्या," एवढंच म्हणायची. मी म्हटलं, "माय, एवढीच उघडी ठेवली तर भिकार दिसेल." अक्का, ती का नको म्हणत होती हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मी कारागिरी मिरवत होतो, तीही भिंत झाकून टाकली. तिच्या उशाशी घड्याळाची पेटीसुद्धा करून दाखवली. माय हसली होती. "आते गार लागस रे, झोप लागस," म्हणाली. तिचं ते हसणं मला अजून पुरतंय आणि अजून छळतंय.

आता जे लिहायचं ते लिहितो.

दहाव्याला तू मला विचारलंस, "मायने हाक मारली होती का?" मी म्हणालो, "नाही अक्का, झोपेतच गेली." मग तू कमलकडे बघितलंस आणि म्हणालीस, "घरात बाई असून म्हातारीला पाणी मिळालं नाही." त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. मी खाली मान घालून बसलो.

माय गेली त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी मी घरातच होतो, मायच्या खाटेजवळच्या त्याच भिंतीला पलीकडून पाठ लावून जेवत होतो. कमल दोनदा म्हणाली, "आज आईंची हाक नाही, बघून येऊ का?" मी तिला उठू दिलं नाही. म्हणालो, "झोपू दे, गार खोलीत पहिल्यांदा झोप लागलीय." वरून दुसरी भाकरी मागितली.

चार वाजता मी चहा घेऊन आत गेलो. माय गेली होती. फुलपात्र हातातच होतं. आणि खाटेजवळच्या तक्त्यावर, अक्का, फुलपात्राच्या काठाच्या खुणा होत्या. अर्ध्या चंद्रासारख्या, एकीवर एक. खाली राखेचा चुरा सांडला होता. माय किती वेळ मारत होती कोण जाणे. मी वीतभर अंतरावर भाकरी खात होतो.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकीचे तक्ते मी काढून टाकले. तो एक निघत नाही, म्हणजे मला काढवत नाही. कमलने त्या खुणा पाहिल्यात. तुझं बोलणं तिने वर्षभर सोसलं, माझं नाव घेतलं नाही. मी तिला सांगितलंही नव्हतं, की गप्प राहा म्हणून.

तक्ते घेऊन मी परवाच्या एस.टी.ने येतो. या खेपेला चांगला माल विकत घेतलाय. फक्त छताला लावीन. सासूबाईंच्या खाटेजवळची भिंत उघडी राहील, कुणी कितीही म्हणो. तू मला दारात उभं केलं नाहीस तरी बाहेरून शिडी लावून काम करीन आणि परत जाईन.

यंदाच्या आखाजीला मायच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, पण कमलच्या हाताला हात लावून घागर भर. तिने उठायचं म्हटलं होतं, दोनदा.

भिंतीला पाठ लावून बसलेला,
तुझा भाऊ
निंबा