फरशीखालची मोटर

सोमवार

गेल्या महिन्यात दुकानात दुरुस्तीला आलेली जुनी मोटर एकट्याने उचलली, तिचा हिशेब आज मांडला. जमा: हमालाची वाट पाहण्यातला थोडा वेळ. खर्च: मणक्यातली एक गादी, डावा पाय, बसणं, झोपणं, शिंकणं, आणि चौथ्या मजल्यावरचं स्वतःचं घर, कारण जिने आता आपले राहिले नाहीत. धंद्यात कुणी असा सौदा केला असता तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

तर ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत मुक्काम तळमजल्यावरच्या या भाड्याच्या खोलीत. खोली झकास आहे. पलंग, खिडकी, हाकेवर न्हाणीघर, गुळगुळीत दगडी फरशी. बायको वर माझ्या आईपाशी राहणार आणि दोन वेळा डबा घेऊन खाली येणार. अंथरूण घालताना म्हणाली, तुमची कंबर आणि तुमचा स्वभाव, दोन्ही वाकायचे नाहीत. एकाचं तरी ऑपरेशन होतंय हे काय कमी आहे! मी हसलो. हसण्याची कळ टाचेपर्यंत गेली.

डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली आहे. दुखतंय तोवर दुखू द्या. पण पाय बधिर झाला तर नंबराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी या, नाहीतर पाय कायमचा जाईल. मी म्हटलं, बाई, हा इतका बोंबलतोय की बधिर व्हायला त्याला सवड कुठली?

मंगळवार

पलंग माझ्या बोकांडी बसला आहे. कुणी तापलेली तार कुल्ल्यातून घालावी आणि पोटरीतून सावकाश ओढून काढावी, तशी कळ. उताणं झालं तर मारते, कुशीवर वळलं तर जास्त मारते. दुपारी वैतागून खाली फरशीवर आडवा झालो. सरकत सरकत खिडकीखाली आलो आणि पंख्याचं बटण बंद करावं तशी कळ थांबली. साफ. डोळ्यांतून पाणीच आलं. वीतभर बाजूला सरकून पाहिलं, कळ हजर. परत जागेवर, गायब.

कान फरशीला टेकला होता. खालून बारीक खरखर येत होती, ग्रीस सुकलेल्या बेअरिंगची. हा आवाज मला शिकवायला नको. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला लावायचं, मूठ कानाला. बिघाड कुठे आहे ते मी चहा निवायच्या आत सांगतो. याच कानाच्या जोरावर दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारणारा मी स्वतःच्या दुकानाचा मालक झालो. आवाज कुठून येतो, यात हा कान आजवर एकदाही चुकलेला नाही. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून फरशीला लावला. निदान पक्कं: खाली टाकी आहे, पंप आहे, आणि त्याचं बेअरिंग गेलं आहे.

गुरुवार

घरमालक डोकावला. पंपाचं सांगितलं तर तो म्हणाला, काका, खाली टाकी नाही की पंप नाही, नुसती माती आणि दगड. गोळ्या जरा कमी घ्या. खर्च टाळणारे घरमालक मी पुष्कळ पाहिलेत. मान डोलावली.

तो गेल्यावर गंमत म्हणून फरशीवर बोटाने तीन टिचक्या मारल्या. खरखर थांबली. मग खालून तीन.

अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. पण पाठ त्या जागेवर होती आणि दुखत नव्हतं. दुखणं थांबवणाऱ्याला कोण हाकलेल? मी म्हटलं, बाबा रे, भाडं भरत नाहीस तर निदान काम तरी कर. घेतोस तर सगळंच घे, मी पावती मागणार नाही.

खरखर पुन्हा सुरू झाली. जवळून.

शुक्रवार

जागा सोडवत नाही. जेवायलाही उठलो नाही. बायको म्हणाली, पलंगाचं भाडं देताय आणि लोळताय फरशीवर, हा कुठला व्यवहार? हात धरून उठवायला लागली. मी ओरडलो तिच्यावर. इतक्या वर्षांत असा ओरडलो नव्हतो. ती गेल्यावर दाराला वरची कडी घातली.

खाली आज कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. बेअरिंग असं हसत नाही.

शनिवार

कळ गेली! फरशीवर नाही, पलंगावर नाही, कुठेच नाही. ताठ चालत न्हाणीघरात गेलो. परत येताना पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल तिकडेच. कधी निसटली, कळलं नाही.

बायकोने पोटरीवरचा फोड पाहिला. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलं होतं. चटका बसला नाही का, विचारलं. बसला ना, म्हटलं. खोटं बोललो. फुकटात बरं होत असताना पाठ फाडून कोण घेईल?

पण पाय थंड आहे. हात लावला तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. आणि ज्याचा आहे त्याला माझा हात आवडत नाही. झटकला.

रविवार

बायको पायाशी बसली. म्हणाली, खिडकीकडे बघा, मी सेफ्टी पिन टोचते, कळलं की सांगा. बराच वेळ बघत राहिलो. म्हटलं, टोच की आता, मुहूर्त बघतेस का? वळलो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत रक्ताचे ठिपके.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तिने. त्या म्हणाल्या, आत्ता, या क्षणी आणा, अजून पाय वाचेल. ती गाडी आणायला धावली. मला म्हणाली, उठून बसा फक्त, बाकी मी बघते.

उठून बसलो. पाय नाही बसला.

रविवार, थोड्या वेळाने

खिडकीखाली आहे. मी इथे आलो नाही. आणलं गेलं — पाय पुढे, मी मागून फरफटत —

दाराला कडी आहे. मीच घातली असणार. आठवत नाही.

गाडीचा हॉर्न. बायको दार बडवते आहे. म्हणते, अहो, कडी काढा, गाडी उभी आहे, अहो ऐकताय ना? ऐकतोय. सगळं ऐकतोय.

दाराकडे सरपटलो. डाव्या पायाने पलंगाचा खूर धरला आहे. बोटांनी. घट्ट. मी धरायला सांगितलेलं नाही.

स्क्रू-ड्रायव्हरने बोटं उचकटतो आहे. रक्त येतंय. दुखत नाही. सोडत नाही.

ती घरमालकाला हाका मारते आहे. दार तोडा म्हणते —

खरखर आहे. टोक फरशीला लावलं, मूठ कानाला. फरशी गप्प. नुसती माती आणि दगड.

टोक घोट्याला लावलं. आहे.

गुडघ्याला. आहे. मोठी.

डाव्या मांडीवर तीन टिचक्या मारल्या. उत्तर आलं. उजव्या पायातून. म्हणजे फरशीखाली कधी काही नव्हतंच, कान चुकला, पहिल्या दिवसापासून चुकला, आवाज माझ्याच —