वज्र बोल्ड

३ फेब्रुवारी, सोमवार
'वज्र' पूर्ण झाला. माझा स्वतःचा फॉन्ट. अक्षरे विटेसारखी चौकोनी, जाड. आळेफाट्यावरच्या बाकी सगळ्या फ्लेक्सवर तीच सडपातळ अक्षरे, काही रुबाब नाही. आमच्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक सुनीलशेठ यांना दाखवला. फोनवर बोलता बोलता त्यांनी मान हलवली. दुकानाची मान्यता मिळाली.

५ फेब्रुवारी
बैलगाडा शर्यतीचा फ्लेक्स. 'घाटाचा राजा' एवढ्या अक्षरांतच सगळा भरला. गाडामालक भिका विचारत होता, बैल कुठंय. होता की, खाली कोपऱ्यात. शेठनी जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा छापायला लावला. लोकांना वेळ द्यावा लागेल.

८ फेब्रुवारी
आरतीच्या स्थळाबाबत घोडेगावहून तिचे वडील यमाजी मामा यांचा फोन. पुढच्या रविवारी एसटीने येतात. मुलगा कुठे बसतो ते बघून मगच हो-नाही सांगणार. मी जवळजवळ पार्टनर आहे, असे सांगितले. तपशील नंतर.

११ फेब्रुवारी
आळ्याच्या लंकाबाई वारल्या. श्रद्धांजलीचा फ्लेक्स वज्रमध्ये केला. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. तरी मुलगा सयाजी दुकानात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, म्हातारी मेलीय का निवडून आलीय?" दुःखात माणूस काहीही बोलतो.

१२ फेब्रुवारी
शेठनी संध्याकाळी पाटी करायला सांगितली: 'डिझायनर पाहिजे'. फॉन्ट विचारला. म्हणाले, "तुझाच टाक. लांबून दिसू दे." स्वतःहून वज्र मागितला! धंदा वाढतोय, मला हाताखाली माणूस देणार. पाटी दुकानावर आडवी लावली. देखणी झाली आहे.

१४ फेब्रुवारी
जुन्नरची प्राची आली. शेठनी तिला माझ्या खुर्चीवर बसवले. शिकायचे तर मुख्य कॉम्प्युटरवरच शिकावे. मी स्टुलावर. दुकानाची चावीही तिला दिली, म्हणजे मला सकाळी लवकर यायला नको.

१५ फेब्रुवारी
शेठ म्हणाले, एक तारखेपासून येऊ नको. प्राची राहणार. ठीक आहे, स्वतःचा स्टुडिओ काढण्याचा विचार होताच. फक्त उद्याचे निभावले पाहिजे. प्राचीला विनंती केली, मामा येतील तेव्हा तासभर खुर्ची दे. ती म्हणाली, "बसा की, दादा. मी तोवर चहा घेऊन येते." चांगली मुलगी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
इस्त्रीचा शर्ट. दहापासून खुर्चीवर. स्क्रीनवर वज्र उघडा ठेवला. अकराची एसटी आली, थांबली, गेली. कोणी आले नाही.

साडेबाराला मामांचा फोन.

"पावणं, मी उतरलोच न्हाई. गाडीतूनच पाटी दिसली. तुमचीच जागा भरायचीय, न्हाई का? मग तसाच पुढं संगमनेरला आलो. हितंबी एक स्थळ हाय."

मी गाडीतून पाटी नीट वाचता आली का, एवढेच विचारले.

म्हणाले, चष्मा तर घरीच राहिला होता.