दोन मणाला सहा शेर कमी

बाबा, काल माझ्या वर्गात एक मुलगी पडली. वृक्षासन चाललं होतं, एक पाऊल दुसऱ्या मांडीला लावून उभं राहायचं, आणि ती आधी खाली बसली, मग आडवीच झाली. सतरा वर्षांची असेल. तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या तोंडाला आंबूस वास आला, उपाशी पोटाचा. तो वास मी कुठेही ओळखेन. तिची आई शेजारी उभी राहून कौतुकाने सांगत होती, "काई नाई मॅडम, कमी खाऊन राह्यली ते. महिन्याभरात चार किलो उतरली." मी मुलीला गूळपाणी पाजलं. मला त्या आईला म्हणायचं होतं की बाई, मीही तुझ्या लेकीहून लहान असताना हेच केलं होतं, आणि त्यापायी एका माणसाची अब्रू गेली. पण ज्याची अब्रू गेली त्यालाच जे सांगितलं नाही, ते हिला कोणत्या तोंडाने सांगू? कालपासून घरात येरझाऱ्या घालते आहे. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा तसाच गार झाला. शेवटी आता भर दुपारी ही वही घेऊन बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी चांद्याला मास्तरीण व्हायला शिकत होते, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी मास्तरीण झाले, शाळेत आसनं शिकवली, नोकरी संपल्यावर इथे गडचिरोलीत बायकांचा वर्ग सुरू केला. आणि हो, मी जाडच आहे. तेव्हा होते त्याहून जास्त. नवीन बाई वर्गाला येते तेव्हा दारात उभी राहून माझ्या खांद्यावरून आत बघते आणि मलाच विचारते, "मॅडम आल्या नाई का अजून?" मी म्हणते, आल्या, ह्याच. मग तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. सुरुवातीची काही वर्षं मला ते लागायचं, पुढे मजा वाटायला लागली. पुस्तकांतल्या चित्रांत सगळे काटकुळे असतात, पुढे वाकताना पोट कुठे ठेवायचं हे कोणी लिहीत नाही. ते मी सांगते. पाय जरा लांब घ्या, पोटाला मधे जागा द्या, त्याला ढकलू नका, मग वाका. दोन मुलं झालेल्या, पन्नाशीच्या बायका हे ऐकून रडल्या आहेत माझ्यासमोर. देहाशी भांडू नका, असं मी इतक्या ठामपणे सांगते की कधी कधी माझाच मला राग येतो.

तुम्ही माझ्या देहाशी कधी भांडला नाहीत. तुम्ही तो मोजलात. धानोऱ्याच्या शेठजींच्या गोदामात तुम्ही मापारी होता. मोह, हिरडा, चारोळी, डिंक, जंगलातून जे येईल ते तोलायचं. तीन बल्ल्यांच्या घोडीला टांगलेला तो मोठा काटा, त्याची दोरखंडाची पारडी. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात, तुम्ही काटा पुजायचात. दांडीला हळद-कुंकू, पारड्यांना झेंडूची माळ, आणि मग पहिलं माप माझं. मला पारड्यात बसवायचं, दुसरीकडे वजनं चढवायची आणि काटा पूर्ण स्थिर होऊ द्यायचा. तुम्ही कधीही घाई केली नाहीत. म्हणून तर दूरदूरच्या पाड्यांवरचे गोंड लोक इतर व्यापारी सोडून तुमच्याकडे यायचे. काटा थांबला की तुम्ही ओरडायचात, "लाभ!" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लहानपणी मला वाटायचं, माझं नावच लाभ आहे. मग तुम्ही आकडा सांगायचात आणि जमलेल्यांना बत्तासे वाटायचात.

चौदाव्या वर्षीच्या दसऱ्याला मी बरोबर दोन मण भरले, आजच्या हिशेबाने जवळजवळ पंचाहत्तर किलो. "पाहा, माही बाई पुरी दोन मण. ना शेर जास्त, ना शेर कमी," तुम्ही म्हणालात, आणि छाती अशी फुगली तुमची. लोक हसले. ते वाईट हसले नव्हते, हे आज कळतं. तेव्हा मला जमीन दुभंगावी असं झालं. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, पुढच्या वर्षी मी बसणार नाही. आई म्हणाली, "काऊन? तुया बापाले तेवढाच एक दिवस आहे फुशारकी माराले." आई दिवसभर धानाच्या बांध्यांत कामाला जायची. तिला माझं ऐकायला वेळ नव्हता, आणि ऐकलं असतं तरी जाड असण्यात रडण्यासारखं काय, हे तिला समजलं नसतं. आपल्या घरात पोट दिसणं म्हणजे पोटाला मिळतंय, एवढाच अर्थ होता.

त्याच हिवाळ्यात गुरुजींनी सव्वीस जानेवारीसाठी आम्हा मुलींची आसनं बसवली. मला सगळी यायची. हलासनात पाय डोक्यामागे टेकवायला बाकीच्या कण्हायच्या, माझे अलगद टेकायचे. तहसील कचेरीसमोर कार्यक्रम होता. दोन दिवस आधी गुरुजींनी मला बाजूला घेतलं. रागाने नाही, अगदी प्रेमाने. "आसन तुले सगळ्यायपेक्षा चांगलं येते गं. पण साहेब लोक रांग पाहतेत. तू त्या दिवशी पाणी वाट." मी पाणी वाटलं. तांब्या घेऊन साहेबांच्या खुर्च्यांमधून फिरले, आणि ज्यांना धड वाकता येत नव्हतं त्या मुलींसाठी वाजलेल्या टाळ्या ऐकल्या.

त्या संध्याकाळपासून मी अर्धं जेवायला लागले. सकाळचा शिळा भात गायीपुढे टाकायचा. दुपारी शाळेत चिंचेचा पाला चघळायचा. संध्याकाळी मैत्रिणीकडे खाऊन आले म्हणायचं. गाय त्या उन्हाळ्यात चांगली तुकतुकीत झाली होती, आणि तुम्ही तिचंही कौतुक करत होता. पोलकं ढिलं झालं तर आई म्हणाली, उन्हानं सुकली पोरगी. मी रोज मनगटाला बोटांची कडी घालून बघायचे. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकले त्या दिवशी मी देवळात जाऊन नारळ ठेवला. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून हात जोडले होते.

मग मोहाचे दिवस आले. वजनं सरकारी शिक्का मारून घ्यायला चांद्याला गेली होती. बाजाराच्या आधी परत यायची होती, पण मोटार आली नाही. आणि सकाळी दहा-बारा कोस चालून आलेली माणसं गोदामासमोर बसलेली, कावडी उतरवून, टोपल्यांवर पळसाची पानं झाकून. आभाळ भरून आलं होतं. मोह भिजला की गेला. शेठजी नागपूरला. पलीकडचा व्यापारी दारात उभा राहून बघत होता, कारण तुम्ही नाही म्हणालात तर ते सगळे त्याच्याकडे जाणार, आणि तो हाताने दांडी दाबून तोलतो हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. तुम्ही घोडीखाली दोन फेऱ्या मारल्यात. मग माझ्याकडे बघितलंत. मी तुमची भाकर घेऊन आले होते.

"वजनं नाईत तं का झालं," तुम्ही म्हणालात, "माही पोरगी आहे ना."

सगळ्यांसमोर तुम्ही मला समजावून सांगितलंत. मला पारड्यात बसवायचं, दुसरीकडे पोत्यात नदीतले गोटे भरायचे, काटा बरोबर झाला की ते पोतं दोन मणाचं. ते निम्मं केलं की एक मणाचं, पुन्हा निम्मं केलं की अर्ध्या मणाचं. सगळी वजनं माझ्यातून निघणार. मी मागे सरकले, तेव्हा तुम्ही जवळ आलात आणि हळू आवाजात विचारलंत, "दसऱ्यापासून वाढली तं नाई ना बाई तू? वाढली असशीन तं सांग. ह्या लोकायचा माल जास्त जाईन, पाप लागन आपल्याले."

मी म्हटलं, "नाई वाढली."

ते खरं होतं. तुम्ही वाढल्याचंच विचारलंत. कमी झाल्याचं विचारायचं तुमच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या घरचं लेकरू आपलं अन्न गायीला घालत असेल, हे तुमच्या मनाला शिवणारच कसं? माझ्या तोंडात शब्द आला होता, बाबा. पण तिथे पन्नास माणसं होती. आणि सांगितलं असतं तर का कमी झाली हेही सांगावं लागलं असतं. मी पारड्यात जाऊन बसले. तुम्ही नेहमीसारखा काटा पुरता थांबू दिलात आणि ओरडलात, "लाभ!" एका म्हाताऱ्या गोंड बाईने माझ्या दंडावरून हात फिरवला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "चांगली पोरगी. कामाची." पाऊस यायच्या आत सगळा मोह तोलून झाला. त्या दिवशी तुम्ही घरी येईपर्यंत गुणगुणत होता.

आठ दिवसांनी वजनं आली आणि शेठजीही आले. गोदामातला माल त्यांना कमी वाटला. त्यांनी गोट्यांची पोती मागवली, सगळे गोटे पुन्हा एकाच पोत्यात भरायला लावले आणि दुसऱ्या पारड्यात दोन मण लोखंड ठेवलं. पोतं वरच राहिलं. लोखंड एकेक शेर काढत गेले. सहा शेर काढल्यावर काटा जुळला. शेठजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जंगलातल्या लोकायची तुले लई माया." तुम्ही पोतं उघडलंत. जमिनीवर बसून एकेक गोटा हातात घेऊन पाहिलात, मग पोत्याची शिवण तपासलीत, कुठून एखादा गळाला का म्हणून. मी दाराला टेकून उभी होते. तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. शेवटी उठलात आणि म्हणालात, "दसऱ्याले माहाच हात चुकला असन."

काट्यावर दुसरा माणूस आला. तुम्हाला त्याच गोदामात पोती उचलायला ठेवलं. पाड्यांवरच्या लोकांचा तर समज झाला की तुम्ही मुद्दाम त्यांच्या बाजूने तोललंत. ते मध आणायचे, चारोळी आणायचे, दारात ठेवून जायचे. तुम्ही पोहोचवून द्यायचात, "मी चोरी नाई केली, घेऊन जा," असं म्हणत. ते हसायचे आणि पुन्हा आणायचे. तुमच्यावर रागावणाऱ्यांपेक्षा त्या हसणाऱ्यांनी तुम्हाला जास्त छळलं असणार. पुढचा दसरा आला तेव्हा तुम्ही देवाला फूल वाहिलंत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. मी तेव्हा भरपूर जेवू लागले होते. भीतीने जेवत होते. पाटावर बसले की तुम्ही माझ्या ताटात वाढायचात आणि नजर दुसरीकडे ठेवायचात. मला वाटायचं, तुम्हाला सगळं कळलं आहे. मग वाटायचं, नाही, तुम्हाला स्वतःच्या हाताचीच लाज वाटते आहे. हे दोन विचार मला अजून आलटून पालटून येतात. आज सकाळपासून तर सारखे येताहेत.

चांद्याला असताना तुमच्या तापाची चिठ्ठी आली. मी मोटारने निघाले, पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. वाटेत सगळं ठरवलं होतं, कसं सांगायचं ते. गायीपासून सुरुवात करणार होते.

आता उद्या सकाळी ती मुलगी येईल. मी तिला वर्गानंतर थांबवून घेणार आहे आणि गायीचं सांगणार आहे, मनगटाचं सांगणार आहे, तुमचं सांगणार आहे. ती ऐकेल की नाही, माहीत नाही. एक गोष्ट मात्र मी तिला सांगू शकणार नाही. हा कागद टपालात टाकायचा नाहीच आहे, म्हणून तुम्हाला सांगते. शेठजींनी लोखंड काढायला सुरुवात केली, एक शेर, दोन शेर, आणि तुमच्या तोंडावरचा रंग उडत गेला, तेव्हा मी दाराला टेकून मनात मोजत होते. चार. पाच. सहा. भीती नंतर वाटली, बाबा. लाजही नंतरच वाटली. आधी मला आनंद झाला.