मोबाइलनं मारलेली धोंडीबाई

१२ जानेवारी, सोमवार

आणि वर मलाच म्हणते, "आये, तुला काय कळतं रिसर्चमधलं!" सकाळपासून मोबाइलात डोकं. भाकरी गार. म्हशीला पाणी नाय. एम.ए.ला म्हणे मोठा प्रबंध लिहायचाय. विषय काय, तर धवलारीण! लग्नात धवले गाऊन लगीन लावणारी बाई. अगं रुपाले, तुझी सख्खी मावशी धवलारीण! माझी थोरली बहीण धोंडी, आमची बाय, तिकडं वैशाखऱ्याला बसलीय. तिला सोडून ही एआयला विचारते!

"तुमी दोघं बोलता कुठं मावशीशी?" म्हणाली.

काय बोलणार? माझ्या पोराच्या, शामच्या लग्नात ह्यांनी डीजे लावला. बाय मांडवात धवले गात होती, तिचा आवाज तिलासुद्धा ऐकू येईना. मधेच उठली नि चालती झाली. त्या दिवसापासून येणं नाय, जाणं नाय. शामची पोर आता शाळेत जाते.

पण माझ्यावर कशाला राग? डीजे मी लावला काय?

१३ जानेवारी, मंगळवार



दुपारी रुपालीनं त्या एआयला सांगितलं, मुरबाडकडच्या धवलारणींची माहिती शोधून दे. त्यानं झराझरा दिली, बँकेतल्या साहेबासारखी शुद्ध भाषा. ती वाचत होती, मी तांदूळ पाखडत ऐकत होते. त्यात एक ओळ – "वैशाखरे येथील धवलारीण धोंडीबाई यांचे निधन झाले आहे."

सूप हातातून पडलं.

"आये थांब," रुपाली म्हणाली, "हा चुकतो कधी कधी. सर म्हणतात, मूळ कागद बघितल्याशिवाय विश्वास नाय ठेवायचा." ओळीच्या शेवटी बारीक आकडा असतो. त्यावर बोट ठेवलं तर कागद उघडला. पुण्याच्या कोण्या बाईनं पीएचडीसाठी लिहिलेला. त्यात पण तेच! चार वर्षांमागं ती गावात गेली, तेव्हा धोंडीबाई वारल्याचं समजलं.

म्हणजे यंत्रानं मनचं नाय सांगितलं.

बायच्या पोराचा, वाळूचा, जुना नंबर लावला. बंद.

हे म्हणतात, "मेली असती तर दिवसकार्याला बोलावणं आलं असतं." भांडणात कोण बोलावतो! वैशाखऱ्याचं कोण बाजारात दिसलं तर मीच तोंड फिरवायची. मग सांगणार कोण? ना सुतक, ना आंघोळ. चार वर्षं मनात शिव्या घालतेय – मेलेलीला!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळ करपले. उद्या जाणार. हे नको म्हणाले तरी जाणार.

१५ जानेवारी, गुरुवार

जिती हाय! जिती!

खर्डीहून शहापूर, तिथून मुरबाड, मग घाटाकडची एसटी. रुपाली बरोबर. फाट्यावर उतरलो, पण कोणाला विचारायचा धीर होईना. घराकडे वळलो तर बाय अंगणात वाल सोलतेय!

"काय गो शकू, वाट चुकलीस?"

रडूच फुटलं मला. "तू मेलीस म्हणून लिवलंय!"

"कुणी?"

रुपालीनं वाचून दाखवलं. बाय हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. म्हणाली, "अगं, ते मीच सांगितलं!"

पुण्याची बाई कॅमेरा घेऊन येणार, गाणी म्हणून दाखवा म्हणणार, असा निरोप आला होता. आता मांडव नाय, हळद नाय, नवरी नाय, आणि धवले कसे म्हणायचे? आमच्यात ते अशुभ. आई तर घरात गुणगुणू पण द्यायची नाय. बायनं दोनदा नकार धाडला. तरी ती आलीच, नि बायलाच विचारते – धोंडीबाई कुठं भेटतील?

"म्हटलं मेली ती. लय दिस झाले. बिचारीनं डोळे पुसले न् गेली."

नि मोबाइल तेच धरून बसला!

"त्याला सांग," बाय म्हणाली, "धोंडी वाल सोलते." रुपालीनं लिहिलं. त्यानं लगेच माफी मागितली, आभार मानले. बाय खूश! मग वाळूच्या मोबाइलवर तोच प्रश्न टाकला – परत निधन!

"शकू, हे तर तुझ्या नवऱ्यासारखं हाय," बाय म्हणाली. "तोंडावर हो हो, पाठ फिरली की आपलं तेच."

पोट धरून हसलो तिघी. डीजेच्या भांडणाचं बोलणं एवढंच निघालं. तिळगूळ करपलेला, तरी तिनं दोन खाल्ले.

खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. वाढू दे.

१६ जानेवारी, शुक्रवार

मेल्यासारखी झोपले. भाकरी आजपण गार. असू दे.

१८ जानेवारी, रविवार

रुपालीच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, हेच लिही – गाणं मागून का मिळत नाय ते. आणि मावशी जिवंत आहेत हे पहिल्या पानावर टाक.

बायनं रुपालीला सांगून ठेवलंय, ऐकायचं तर मांडवात ये. मोबाइल पिशवीत.

२० जानेवारी, मंगळवार

बायचा फोन आला. मी रुपालीला हाक मारली.

"तिला नको बोलवू. तिला यंत्र हाय. मला तू पायजेस. अर्धा धवला झाला की दम लागतो गो, त्या दिशी तू खोकला ऐकलास नं. आईनं मांडवात बाजूला बसवून शिकवलं ते आपल्या दोघींनाच. माघात टोकावड्याला लगीन हाय. या टायमाला माझ्या बाजूला बस. पुढच्या लग्नापासून तू पुढं, मी मागं. येत्या रविवारपर्यंत हो का नाय ते सांग. नाय म्हणालीस तर त्या पुण्याच्या बाईनं लिवलंय, तेच खरं."