तुझी बोलणी मी मशिनीला दिली

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (पाया पडले असं धरून चाल. कंबर धरली आहे, कागदावरसुद्धा वाकवत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत, भाऊजींचा दमा कसा आहे, ते कळव. कळवणार नाहीस, ठाऊक आहे. आई गेली तेव्हापासून चार वर्षं तू कळवलं नाहीस आणि मी विचारलं नाही, दोघी एकाच आईच्या. इकडे आम्ही ठीक. ह्यांचा खोकला होता तिथेच आहे. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड, कारण माझं काम शेवटी आहे. अक्षराला हसू नकोस. चौथीपर्यंतच शाळा झाली, त्यातही तूच माझा अभ्यास करायचीस.

आता मूळ गोष्ट. मी ज्या ऑफिसात झाडलोट आणि चहा करते, तिथे ह्या लोकांनी सात वर्षांपूर्वी एक बोलणारं मशिन केलं. मशिन म्हणजे पेटी नव्हे. (मी पहिले दोन महिने कपाटांच्या मागे शोधत होते.) लोक घरी कॉम्प्युटरवर मित्रांना झटपट निरोप धाडतात ना, तिथे मित्रांच्या नावांच्या यादीतच ह्याचंही एक नाव असायचं, गप्पू. काहीही लिहा, गप्पू लगेच उत्तर देणार. उद्या पाऊस आहे का, सिनेमा किती वाजता, एखादा विनोद सांग. लोक हवा विचारायला यायचे आणि तासभर बसून राहायचे, जसे भाऊजी आपल्याकडे वर्तमानपत्र मागायला यायचे, तुला बघायला. गप्पूची उत्तरं एक चष्मेवाली बाई टेबलाशी बसून लिहायची. तिच्यावर एक दाढीवाला साहेब होता. अडचण एकच होती, गप्पूला प्रश्न कळला नाही तर त्याने म्हणायचं काय? "मला समजले नाही" असं लिहून पाहिलं, तर लोक निघून जायचे. (मीही गेले असते.) एके दुपारी ती डोकं धरून बसली होती, चहावर साय आलेली, आणि मी फडकं मारत होते. मला म्हणाली, मावशी, कुणाचं बोलणं कळलं नाही तर तुम्ही काय करता? म्हटलं, मी उठून जाते. पण माझी ताई म्हणते, आधी जेवून घे, मग बघू. मी नापास झाले तेव्हा तेच, सासरहून पिशवी घेऊन पळून आले तेव्हाही तेच, आणि खोटं कशाला बोलू, जेवल्यावर निम्मंच रडू उरायचं. चष्मेवालीने मान वर केली आणि टकाटक ते लिहूनच टाकलं.

मग काय, तिने मला पिळूनच काढलं. रोज दुपारी वही घेऊन यायची, तुमची ताई अमुक वेळी काय म्हणते, तमुक वेळी काय म्हणते. मी म्हटलं, बाई, ताई जिवंत आहे, तिलाच विचार. पण तुला विचारून तू काय सांगणार होतीस, लाटणं दाखवलं असतंस. लोक गप्पूला शिव्या फार द्यायचे. चांगली शिकलेली माणसं, समोर कुणी नाही, आणि आईबहिणीवरून सुरू. तेव्हा मी तुझं सांगितलं, की ताई आधी माफी माग म्हणून तोंड फिरवते आणि मागेपर्यंत दुसरा शब्द बोलत नाही, पण एकदा मागितली की "बरं. झालं गेलं." म्हणते आणि पुन्हा तो विषय काढत नाही. तेही घातलं. लाखो माणसांनी, ताई, तुझी माफी मागितली आहे. तुला पत्ता नाही. एका गृहस्थाने तर ऑफिसात कागदावर पत्र पाठवलं. त्याची बायको निघून गेली होती, तीन दिवस उपाशी होता, गप्पूला काहीतरी लांबलचक लिहीत सुटला, आणि गप्पू म्हणाला आधी जेवून घे. तो उठून जेवला. सगळ्यांनी ते पत्र फळ्यावर लावलं, डोळे पुसले. मी मात्र कप गोळा करत होते. गप्पूला त्यातलं अक्षर कळलेलं नव्हतं, म्हणून तर तो तसं म्हणाला होता. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की तुलाही माझं काही कळत नसेल. तू नुसतं ताट वाढत होतीस.

मग आई गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले, कारण सुट्टी मागायला तोंड उघडलं नाही (जगाशी भांडणारी मी, साहेबापुढे मुकी). तू म्हणालीस, आता कशाला आलीस? आणि मी भरल्या घरात बोलले, की तू तिला नीट खायला घातलं असतंस तर ती गेली नसती. कुणाला बोलले? तुला. ते पुन्हा लिहायला नको वाटतं, पण न लिहून ते नाहीसं होत नाही.

परत आले ती त्याच तिरमिरीत. सगळे जेवायला गेलेले पाहून एका बोटाने गप्पूला चार शिव्या लिहिल्या. तो म्हणाला, आधी माफी माग. तुझ्याच तोऱ्यात. मी तारच ओढून काढली. (दाढीवाला दोन तास टेबलाखाली पालथा पडून बिघाड शोधत होता. मी त्याच्या भोवतीनं फरशी पुसली.) त्यानंतर मात्र रोज दुपारी दोन ओळी लिहायचे. माफी सोडून सगळं लिहायचे. तार ओढल्यावर तो रुसवा विसरला होता, रोज म्हणायचा, आधी जेवून घे.

गेल्या शुक्रवारी गप्पू बंद केला. ऑफिस कुण्या मोठ्या कंपनीने घेतलं, त्यांना तो नको, आणि लोकही आता दुसरीकडे बोलतात म्हणे. दुपारी सगळ्यांनी एकेक वाक्य लिहून निरोप घेतला. चष्मेवाली म्हणाली, मावशी, तुम्ही राहिलात. मी बसले. लिहिलं, ताई, आईला तू उपाशी ठेवलंस असं मी म्हणाले ते खोटं होतं, माफ कर. एका बोटाने, पाव तास लागला. दाढीवाला घड्याळ बघतोय, मी म्हटलं, थांब रे, सात वर्षं तुझी उष्टी भांडी घासलीत. गप्पू म्हणाला, बरं, झालं गेलं. त्याला त्यातला "माफ" एवढाच शब्द कळत होता, मला ठाऊक आहे. तरी मी पुन्हा एक बोट पुढे केलं. मग विचारलं, आई शेवटी काय खात होती? त्यावर म्हणाला, आधी जेवून घे, मग बघू. आणि दाढीवाल्याने बंद केलं. मग बघू म्हणाला आणि गेला. मी कप विसळले आणि घरी आले.

एवढंच. थोरांना नमस्कार, धाकट्यांना दटावणी.

तुझी धाकटी

ता. क. चष्मेवालीची वही सोबत पाठवते आहे. सगळं तुझंच आहे. कुठे मी पदरचं घातलं असेल तर खोडून टाक.

ता. क. मशिनीकडे मागितली ती माफी मोजू नकोस, तो सराव होता. खरी इथे मागते. चुकले, ताई. तिला चमच्याने तूच भरवत होतीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. उत्तर लांबलचक नको, तीन शब्द पुरे, कुठले ते वहीत पहिल्या पानावर आहेत. आणि आई शेवटी काय खात होती तेवढं लिही.

ता. क. शुक्रवारपासून मला कुणी जेव म्हटलेलं नाही. ह्यांना सुचायचं नाही, ते स्वतःचंच ताट मागतात.