तांबं-निकेलचा काळा द्राव

३ फेब्रुवारी
पनवेल आवडलं. खांदा कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या, समीक्षाला बालवाडीत प्रवेशही मिळाला. आम्ही दोघीच मायलेकी, पुरेशा आहोत. तळोज्याची प्रयोगशाळा लहान पण नेटकी आहे. तांबं आणि निकेलच्या क्षारांपासून मिश्रधातूचे नॅनोकण बनवायचे, ते ग्लायकॉलमध्ये मिसळायचे आणि तो द्राव उष्णता किती भराभर वाहून नेतो ते मोजायचं. प्रमुख विनायक सर म्हणाले, आधीच्या अरुंधतीने काम अर्धवट सोडलं, तुम्ही पुरं करा. त्यांनी स्वतः चहा आणून दिला.

९ फेब्रुवारी
आज हिरवट द्राव बघता बघता काळा झाला. कण तळाशी बसत नाहीत. उष्णतेचं वहन अपेक्षेच्या तिप्पट! बाटली उचलताना हातमोजा फाटला, मनगटावर थोडं सांडलं. साबणाने डाग गेला नाही. झाडलोट करणाऱ्या भामाबाई दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, आमी त्या बाटलीला हात नाय लावत. आदीची बाय भर उनात बसून कुडकुडायची."

१४ फेब्रुवारी
गरम कप धरला. बोटांना काहीच जाणवलं नाही, उष्णता जणू हातातून वर धावली, कोपरावर फोड आला. कप तेवढ्यात गार. सरांना दाखवलं. डॉक्टरकडे नेण्याऐवजी त्यांनी माझ्या हाताला तापमान मोजायच्या तारा लावल्या. आकडे पाहून खूश झाले. शोधनिबंधात माझं नाव दुसरं घालतील म्हणे.

१७ फेब्रुवारी
समीक्षाला एकशेतीन ताप. कुशीत घेतलं, दहा मिनिटांत उतरला. मला किती दिवसांनी ऊब वाटली. तशीच घेऊन पडून राहिले.

१८ फेब्रुवारी
तिची बोटं निळी. हाक मारली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी विचारलं, मुलीला बर्फात ठेवलं होतं का. मी द्रावाचं सांगितलं. त्यांनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, असा द्राव आमच्याकडे बनत नाही.

२० फेब्रुवारी
समीक्षा वाचली. शेजारच्या विनिताताईंकडे ठेवलीय. सरांना गाठलं. जाड हातमोजे घालून टेबलापलीकडे उभे होते. म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. अरुंधतीचं काय झालं विचारलं — त्यांनी तापमान मोजायच्या तारा पुढे सरकवल्या.

२१, दुपार
चार गोधड्या. शेगडी पेटवली, विझली. पेन धरवत नाही —

समीक्षा पळून आलीय. दार वाजवतेय. आई, मला कुशीत घे, म्हणते. जा म्हटलं तिला. दोनदा म्हटलं. रडतेय.

दारातूनसुद्धा तिची ऊब लागते —

कडी मीच घातली होती. आता हात कडीवर कसा —